डोकं पश्चिमेला

यांचा शवपेटीतला फोटो आला तेव्हा माझी बोटं मैद्याच्या खळीत होती.

रमझान दुसऱ्या दिवशी लागेल अशी बोलवा होती. दर वर्षी त्याच्या आधीच्या सकाळी समोरच्या फ्लॅटमधली जवेरिया खिम्याचं पातेलं, समोशाच्या पट्ट्या आणि आपली जीभ घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येते, कारण फ्रीझर माझा मोठा. ती रत्नागिरीकडची, मी परभणीची. कुवेतमधल्या खैतानच्या या बिल्डिंगीत आमची ओळख झाली ती एकदा टाकीचं पाणी गेलं म्हणून, आणि पाणी आल्यावरही टिकली. ती पट्टीचा त्रिकोण घालते, मी कडेला खळ लावून तोंड बंद करते. शुक्रवार होता, राष्ट्रीय दिनाच्या सुट्ट्या अजून संपल्या नव्हत्या, खाली झेंडे लावलेल्या गाड्या भोंगे वाजवत फिरत होत्या. माझी मुलगी शलाका आतल्या खोलीत दार लावून बारावीच्या गणिताशी भांडत होती.

आणि हे, म्हणजे माझे यजमान हरिश्चंद्र हनवते, थायलंडला होते.

सहल बाळासाहेबांनी काढलेली. बाळासाहेब शुऐबाच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. दहा माणसं कुठंही निघाली की ते सगळ्यात पुढं शिट्टी घेऊन उभे. कुवेतमधली आमची बौद्ध मंडळी बँकॉकला न्यायची, पण बाजार नको, समुद्र नको आणि मसाज तर अजिबातच नको (हे त्यांनी बायकांसमोर पुन्हा पुन्हा सांगितलं). सहसा कुणी जात नाही अशी जुनी ठिकाणं बघायची आणि तिथं वंदना घ्यायची. त्यासाठी त्यांनी पिम नावाची गाइडही ठरवली होती. त्या दिवशी ती मंडळींना राचबुरीकडं घेऊन गेली होती. सकाळपासून सहलीच्या ग्रुपवर फोटो येत होते. हजारभर वर्षांपूर्वीच्या विटांचा एक भलामोठा चौथरा, वर स्तूप उरलेला नाही, नुसतं गवत. मग डोंगरातली गुहा, भिंतीत कोरलेला बुद्ध, आणि त्याच्यापुढं आमची सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत हात जोडून.

प्रत्येक फोटोत मी आधी यांना शोधत होते. चौथऱ्याच्या फोटोत हे कडेला होते, अर्धे कापलेले. गुहेच्या फोटोत सगळे बुद्धाकडं तोंड करून बसलेले आणि हे एकटे मागं वळून गुहेच्या आतल्या अंधाराकडं बघत होते. मी फोटो मोठा करून पाहिला. तिथं काहीच नव्हतं.

आणि मग हा फोटो. सहलीच्या ग्रुपवर नाही, आमच्या घरच्या 'हनवते परिवार' ग्रुपवर. यांच्याच फोनवरून.

पेटी लाकडाची, आतून गुलाबी साटिन लावलेली. हे त्यात उताणे. डोळे मिटलेले. छातीवर जोडलेल्या हातांत कमळाची कळी आणि उदबत्त्या. पोटापर्यंत पांढरं कापड. सदराही पांढरा, मीच इस्त्री करून बॅगेत घातलेला. फोटोखाली एक शब्द नाही.

जवेरियानं माझ्या खांद्यावरून बघितलं. "या अल्ला! हे भावजी हायत काय गो?"

मी शलाकाला हाक मारली. ती पेन कानात अडकवून आली, फोटो बघितला, तिचाही चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं आपल्या फोनवर काहीतरी टाइप केलं आणि तो पुन्हा होता तसा झाला.

"मम्मा, चिल. तिकडं करतात असं. देवळात कॉफिन ठेवलेलं असतं. बॅड लक जावं म्हणून लोक आत झोपतात, मंक्स चँट करतात, मग उठायचं. आधी डोकं वेस्टला, म्हणजे तुम्ही मेलात. मग उठून फिरायचं आणि डोकं ईस्टला, म्हणजे न्यू बर्थ. पप्पांचा हा वेस्टवाला असेल." आणि जाता जाता, "सो फनी. पप्पा आणि बॅड लक!"

दार परत लागलं.

"बघ, उगाच घाबरवलांनी," जवेरियानं नवी पट्टी उचलली. "आमच्याकडं पण नजर उतरवतत. ह्यांची रीत जरा मोठी, एवढाच."

तिला हायसं वाटलं. शलाकाला गंमत वाटली. मी मात्र घाबरले, आणि ते 'पप्पा आणि बॅड लक' यामुळंच.

हा माणूस कसा आहे ते सांगायला हवं. माझ्या बहिणीच्या नव्या गाडीला बांधलेलं लिंबू यांनी भर अंगणात सोडलं आणि त्याचं सरबत करून तिच्या सासूसमोर प्यालं. आमचं लग्न मुद्दाम अमावास्येला लावलं. भटजीच काय, मांडवात पंचांग शोधून सापडलं नसतं. ग्रह, साडेसाती, नशीब हे शब्द आमच्या घरात शिवीच्या जागी वापरतात. वाईट नशीब जावं म्हणून हे पैसे देऊन पेटीत झोपणं शक्यच नव्हतं. झोपले असतील तर दुसऱ्या कशासाठी तरी.

आणि ते दुसरं काय, हे त्या स्वयंपाकघरात एकट्या मलाच ठाऊक होतं.

गेल्या उन्हाळ्यात यांच्या क्लिनिकात एक म्हातारी बाई डायलिसिसच्या मशीनवर असताना गेली. हे तिथले मशीनं दुरुस्त करणारे. त्या मशीनचा अलार्म बरेच दिवस उगाच वाजायचा. सुटा भाग मागवलेला होता, तो काही येत नव्हता, म्हणून वाजला की बटण दाबून त्याला गप्प करायचं अशी सगळ्यांनाच सवय लागलेली. त्या सकाळी बटण यांनी दाबलं. चौकशी झाली. बाई हृदयविकारानं गेली, मशीनचा काही संबंध नाही, असा निकाल आला. बाईचा मुलगा स्वतः यांना भेटायला आला, यांचा हात हातात घेऊन म्हणाला, खुदाची मर्जी. खजुराचा मोठा डबा देऊन गेला. आमच्या घरात तो कुणी उघडला नाही.

तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी हे जागेवरून उठून उभे राहायचे. जेवताना, बोलताना, कधीही. मग हळूहळू उठणंही बंद झालं. शुक्रवारी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, "मी मशीनं सांभाळतो विशाखा. माझं डोकं बिघडलंय असं कळलं तर कोण मला मशीनला हात लावू देईल?" खरंच होतं ते. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, जातो, आणि माझा नि शलाकाचा इकामा यांच्या इकाम्याला बांधलेला. म्हणून मीही गप्प राहिले. जवेरियालासुद्धा सांगितलं नाही, आणि तिला तर मी माझ्या पाळीच्या तारखा सांगते.

जानेवारीत हे एकदम बरे झाले. मला एसीची जाळी काढून धुवायला शिकवलं. गाडीत हवा कशी भरायची, सरकारी ॲपवरून विजेचं बिल कसं भरायचं, शलाकाच्या कॉलेजसाठी कुणाला फोन करायचा, सगळं. मी मैत्रिणींत मिरवून आले, इतक्या वर्षांनी नवरा सुधारला म्हणून. मग एका संध्याकाळी खबूसची रोटी मोडता मोडता म्हणाले, "आता माझ्यावाचून तुझं काही अडणार नाही." इतक्या समाधानानं म्हणाले की घास माझ्या तोंडातच राहिला. शलाका आईस्क्रीम खात होती.

सहलीला जा म्हणून मीच मागं लागले. परीक्षा नसती तर मीही गेले असते. वाटलं, चार आपली माणसं, बुद्धाची ठिकाणं, बरं वाटेल.

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला.

"देवळात आवाज बंद ठेवला असंल गो," जवेरिया म्हणाली. मग माझ्याकडं नीट बघून, "काय झाला? तोंड का असा पांढरा पडला?"

"काही नाही."

"काही नाय तर ह्या समोशाचा तोंड तिनदा का चिकटवतंस?"

मी बाळासाहेबांना फोन लावला. तिकडं ताटांचा, हसण्याचा आवाज.

"जयभीम वहिनी! अहो काय मासा आहे, काय मासा! आमची रेखा म्हणते, इथंच राहू या."

"हे कुठं आहेत?"

"हनवते? अहो, आज त्यांनी कहर केला! पिम म्हणाली, वाटेत एक नदीकाठचं देऊळ आहे, लोक पेटीत झोपतात, बघायचं का. आम्ही म्हटलं बघू लांबून. तर आपले हनवते सरळ बूट काढून, फोटो काढा म्हणून आपला फोन माझ्या हातात देऊन रांगेत! मी म्हटलं, लिंबाचं सरबत पिणारा माणूस! हसून हसून आमची..."

"आता कुठं आहेत ते?"

"तिथंच. म्हणाले, तुम्ही जेवून या, मला भूक नाही, मी बसतो जरा. देवळामागं नदी आहे ना, घाट बांधलाय मस्त."

"एकटे आहेत?"

"एकटे कसे, वहिनी? देऊळ माणसांनी भरलंय. आम्ही गाडीनं पाच-दहा मिनिटांवर आलोय फक्त."

"परत जा."

"जातो ना, एवढं ताट झालं की..."

"ताट ठेवा बाळासाहेब. आत्ता जा."

ते हसले. वाईट नाही हसले, बायको नवऱ्याची काळजी करते तेव्हा पुरुष हसतात तसे. "अहो वहिनी, काही होत नाही. दमलेत थोडे."

समोर जवेरिया उभी होती, हात खिम्यानं माखलेले. दाराआड शलाका. आठ महिने जे वाक्य मी उशीत तोंड खुपसूनही उच्चारलं नव्हतं, ते मला भर सकाळी, माशाच्या ताटावर बसलेल्या माणसाला सांगायचं होतं.

"त्यांना जगायचं नाहीये," मी म्हटलं. "त्यांच्या मनात ते आहे. बरेच दिवस आहे. तुम्ही त्यांना नदीजवळ सोडून आलात."

तिकडची ताटं वाजतच राहिली. कुणीतरी कसल्या तरी चटणीला नावं ठेवत होतं.

"वहिनी, हे तुम्ही आधी..." बाळासाहेबांनी वाक्य सोडून दिलं. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. "निघालो."

मी फोन ओट्यावर ठेवला. जवेरियानं हात धुतले, समोशाच्या पट्ट्यांवर ओलं फडकं टाकलं आणि एक स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

फोन थरथरला. मी झडप घातली. बाळासाहेब नव्हते. 'हनवते परिवार' होता.

माझा पुतण्या आशय जिंतूरला फ्लेक्स छापतो. गेलेल्या माणसाच्या बॅनरचा साचा त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयारच असतो, फोटो आणि नाव बदललं की झालं. आता नाव यांचं होतं. 'कालकथित हरिश्चंद्र गणपत हनवते यांना भावपूर्ण आदरांजली.' दोन बाजूंना मेणबत्त्या, मध्ये भाच्याच्या लग्नात काढलेला यांचा हसरा फोटो. त्याखाली भराभर हात जोडलेली चित्रं. चुलते, मावसभाऊ, नांदेडची नणंद, मला नावानंही माहीत नसलेली माणसं. 'विश्वासच बसत नाही.' 'परदेशी काळानं गाठलं.' 'समाजाचा विचारवंत हरपला.'

मी आशयला फोन लावला. बिझी. सगळं गाव एकमेकांना फोन करत असणार. मग त्याचाच आला, आणि आल्या आल्या तो रडायला लागला.

"काकू... काकू, कसं झालं हो?"

"अरे, तुला कुणी सांगितलं ते गेले म्हणून?"

"काकांच्याच फोनवरनं फोटो आला ना. म्हटलं, तिथल्या कुणीतरी त्यांचा फोन घेऊन कळवलं असंल. तुम्हाला लावला तर लागंना. दादा म्हणला, लागणार कसा, त्या माउलीला शुद्ध तरी असंल का."

"आशय, ऐक. तो विधी आहे तिकडचा. जिवंत माणसं झोपतात पेटीत. नशीब बदलावं म्हणून."

तो रडायचा थांबला. "विधी?"

"हो."

"काका विधी करायलेत?"

"हो," मी पुन्हा म्हटलं.

"काकू," तो आता मोठ्या माणसासारखा, समजावत बोलायला लागला, "तुम्ही धक्क्यात आहात. काकांनी मला बारशाला काळा दोरा बांधू दिला नव्हता. काका नशिबासाठी पेटीत झोपतील? तुम्हीच सांगा."

मेलेत यावर गावाचा चटकन विश्वास बसला होता. विधी केला यावर बसणार नव्हता. आणि त्यांचं चूक आहे असंही मला म्हणता येईना.

"तुमचं बोलणं झालं का त्यांच्याशी?" आशयनं विचारलं.

"नाही. फोन उचलत नाहीत."

मग तो हळूच म्हणाला, "मग?"

मग काही नाही. हे जिवंत आहेत असं मी कुणाच्या भरवशावर सांगायचं होतं? तो फोटो नेमका कधीचा, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"मायला सांगितलंस?" माय म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशीच्या पुढच्या. गुडघ्यानं अधू, कानानं ठणठणीत.

"सांगायचं काय काकू, वाड्यावस्तीवरनं बाया आल्यात. अंगणात बसायला जागा नाही."

बाळासाहेबांचा फोन येत होता. मी आशयला तसाच सोडला.

ते धापा टाकत होते. मागं पिम कुणाशी तरी त्यांच्या भाषेत मोठ्यानं बोलत होती. "वहिनी, घाटावर नाहीत."

जवेरियानं माझं मनगट धरलं.

"पाण्याच्या कडेनं बघितलं. तिथल्या मासे विकणाऱ्या बाईला विचारलं, तिला काही सांगता येईना. पाणी मोठं आहे इथं... थांबा, पिम काहीतरी दाखवतेय. बूट. यांचे बूट आहेत, देवळाच्या पायरीशी. म्हणजे आत असतील. बूट घालून कुणी आत जात नाही. वहिनी, फोन ठेवू नका."

मी ठेवणार नव्हतेच. मला त्यांच्या पायांचा आवाज ऐकू येत होता, आधी फरशीवर, मग लाकडावर. मंत्रांचा आवाज जवळ आला. पाली होतं. आमच्याकडं म्हणतात तेच, पण चाल इतकी वेगळी की ओळखीचं माणूस मुखवटा घालून यावं तसं वाटलं.

मग बाळासाहेबांचा आवाज एकदम बारीक झाला.

"वहिनी, हे पेटीत आहेत."

"म्हणजे?"

"परत जाऊन झोपलेत. आम्ही गेल्यावर. डोळे मिटलेत. श्वास चालू आहे, चांगला चालू आहे, घाबरू नका. हनवते! अहो हनवते साहेब! नाही देत ओ. इथला माणूस पिमला सांगतोय की यांनी मघाशीही अर्धंच केलं होतं. पश्चिमेला डोकं करून झोपले, उठा म्हटल्यावर उठले, पण पूर्वेकडं फिरलेच नाहीत. बाजूला जाऊन बसले. गर्दी कमी झाल्यावर येऊन परत पश्चिमेलाच डोकं ठेवलं. आता उठा म्हटलं तरी उठत नाहीत." मग आणखी हळू, "पिम म्हणते, असं अर्धं सोडू नये. ती घाबरलीय, वहिनी."

मी असलं काही मानत नाही. आमच्या घरात कुणीच मानत नाही. त्या वेळी मात्र माझ्या मनात आलं, फिरवा त्यांना. कसंही करून डोकं पूर्वेला करा.

"फोन त्यांच्या कानाशी धरा."

खसखस झाली. मग यांचा श्वास. तो मी कुठंही ओळखीन, डावी नाकपुडी जरा वाजते.

"अहो," मी म्हटलं.

श्वास.

"अहो, मी बोलतेय. विशाखा. ऐकू येतंय ना?"

काही नाही. पूर्वी किती बोलायचा हा माणूस! जेवताना जगाचा इतिहास सांगायचा, भाजी गार व्हायची.

"शलाकाचं गणित अडलंय. तुमची वाट बघतेय." श्वास तसाच. हेही पोरीसाठी दुसरं कुणी करील, असंच त्यांनी ठरवून ठेवलेलं असणार. मलाच तर शिकवलं होतं कुणाला फोन करायचा ते. मी जे जे बोलणार होते, त्या सगळ्याची सोय ते आधीच लावून गेले होते.

तेवढ्यात आशयचा फोन पुन्हा वाजायला लागला. कापायला म्हणून बोट नेलं आणि कापला नाही. त्याच कॉलमध्ये आत घेतला आणि फोन स्पीकरवर टाकला. असं का केलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आधी नुसताच बायकांचा कालवा आला. मग आशय, "काकू, मायला बोलायचंय, ऐकतच नाही." आणि मग माय.

"हऱ्या रं... माझ्या लेकरा... कुठं गेलास रं बापा..."

स्वयंपाकघर त्या आवाजानं भरून गेलं. शलाका दार उघडून आली. "आजी का रडतेय? मम्मा?" जवेरियानं तिला जवळ ओढलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

"तुला पाण्याच्या पल्याड काहून जाऊ दिलं रं म्या... कोणी पाणी पाजलं तुला... कोणी डोळे झाकले... त्या लाकडाच्या खोक्यात कसा झोपलास, तुला तर घोंगडीबी टोचायची रं... माझा नंबर व्हता की. म्या बसले व्हते की इथं पाय घासत. माझा नंबर सोडून तू कसा पुढं घुसलास..."

मला एवढंच म्हणायचं होतं, माय, रडू नका, जिवंत आहेत, या फोनवरच आहेत. अगदी ओठांवर होतं. पण मी सांगितलं असतं तर यांना गप्प राहता आलं असतं. म्हणून त्या म्हातारीला मी तसंच रडू दिलं. मला ते कठीण गेलं, अजूनही जातं.

यांचा श्वास बदलला. नाकपुडी वाजायची थांबली. तोंडानं घेत होते.

"बोला," मी म्हटलं. "मी नाही सांगणार तिला."

तिकडं मंत्र चालू होते, इकडं खाली गाड्यांचे भोंगे, आणि परभणीकडं माय यांच्या लहानपणच्या तापाचं, हरवलेल्या वहाणेचं, शाळेत पायी नेल्याचं सगळं रडून सांगत होती.

"माय," हे म्हणाले.

आवाज इतका कोरडा की मीही ओळखला नसता.

माय रडतच होती. तिला ऐकूच गेलं नाही. आता पुन्हा गप्प बसणं सोपं होतं. मी डोळे मिटून घेतले.

"माय, मी हाय."

रडणं अडखळलं. "कोण हाय?"

"मी. हऱ्या."

"हऱ्या मेला," माय म्हणाली. "फोटू आलाय त्याचा. तू कोण हायेस रं मेल्या? म्हातारीची चेष्टा करतूस?"

बायकांचा कालवा थांबला.

"नाही मेलो, माय."

"मोठ्यानं बोल. बाया ऐकायल्यात."

"म्या जित्ता हाय!" हे ओरडले. देवळातले मंत्र बंद पडले. पिम काहीतरी किंचाळली. खरखरलेला, फाटका आवाज होता, पण आवाज होता. कित्येक महिन्यांत या माणसानं घरात स्वर चढवला नव्हता.

मायनं नाक शिंकरल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"मंग त्या खोक्यात काहून पडलास?"

याचं उत्तर पुढचे किती महिने आम्ही शोधत बसणार होतो कोण जाणे. विमानतळावरून थेट डॉक्टरकडं न्यायचं, इकाम्याचं जे व्हायचं ते होवो, एवढंच मी त्या घटकेला मनाशी घट्ट केलं. समोर जवेरिया ओढणीनं डोळे पुसत होती, तिनं ऐकल्यासारखी मान हलवली.

"ऊठ आधी," माय म्हणाली. "चार बायांसमोर मेल्यावानी पडतंय नकटं. ऊठ."

लाकूड करकरलं. काहीतरी आपटलं. "हळू, हळू," बाळासाहेब म्हणाले. मग फोन हातात घेऊन, अगदी माझ्या कानाशी, "वहिनी, उठून बसलेत. पाय अजून आतच आहेत."

"धरून ठेवा त्यांना," मी म्हटलं. "सोडू नका. आज रात्रीही सोडू नका."

"नाही सोडत."

आणि मागून माय विचारतच होती, उठला का, उठला का रं, आणि हे तिला सांगत होते, हो माय, उठतोय, थांब जरा, पायाला मुंग्या आल्यात.